काट्याचा साक्षीदार

मी चुकीचा ग्रुप जोडला. चार माणसांच्या ग्रुपवर जायचे मेसेज आठशेच्या वर ऊसवाल्यांच्या ग्रुपवर गेले, आणि त्यापायी एका साखर कारखान्याचा वजनकाटा एकाच दिवसात दहा वेळा बंद पडला. मला बोलावलं होतं ते काटा बंद का पडतो हे शोधायला.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर ही गोष्ट माझ्याआधी पोचते आणि सांगणारे दहाचे वीस करतात.

बीडला स्टँडच्या मागं माझं दुकान आहे. खाली झेरॉक्स, वर क्लासेस, मधल्या मजल्यावर मी. क्लासवाल्यांच्या ऑनलाइन परीक्षा, दवाखान्यांचे कॅमेरे, वकिलांचे रुसलेले प्रिंटर आणि एका कारखान्याचा सर्व्हर, एवढ्यांचं दुखलंखुपलं मी बघतो. कारखान्याचं नाव सांगणार नाही. चूक माझी, नाव त्यांचं कशाला घेऊ.

त्या एकाच सर्व्हरवर कारखान्याची दोन कामं चालतात. पहिलं काट्याचं. उसाची गाडी काट्यावर चढली की वजन कॉम्प्युटरात येतं, पावती निघते आणि गाडी ऊस रिकामा करायला आत जाते. दुसरं पाळीच्या अ‍ॅपचं. आपल्या उसाला तोड कधी येणार, आपला नंबर कितवा, हे शेतकऱ्याला मोबाईलवर दिसतं. अ‍ॅप आलं तेव्हा भाषणात सांगितलं होतं, की आता शेतकऱ्याला ऑफिसात खेटे घालायला नकोत. तसंच झालं. आता तो घरी बसून दिवसातून वीस खेटे घालतो.

काट्याच्या केबिनमध्ये दिवसपाळीला एक ताई बसतात. वयानं माझ्याहून लहानच, पण सगळे ड्रायव्हर त्यांना ताई म्हणतात म्हणून मीही म्हणतो. आठ हंगाम झाले त्या काट्यावर आहेत, आणि आठही हंगाम हंगामीच आहेत. गाळप संपलं की घरी, नव्या हंगामाची मोळी पडली की पुन्हा काट्यावर. एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला.

"दादा, मला मेमो दिलाय."

"कशाचा?"

"काटा बंद पडतो म्हणून. रोज अकराच्या सुमाराला मशीन गपगार होतं. अर्धा अर्धा तास. शेतकी साहेबांनी लिवलंय, ऑपरेटरच्या चुकीच्या हाताळणीमुळं. आता मी काय हाताळते सांगा? गाडीचा नंबर टाकते अन् बटन दाबते. ते बी एकच बटन."

शेतकी साहेब म्हणजे कारखान्याचा सगळा ऊस ज्यांच्या हुकमानं तुटतो ते अधिकारी. त्यांनी लिहिलं म्हणजे लिहिलं. आणि वेळ नेमकी वाईट होती. त्या वर्षी काही हंगामी लोकांना कायम करायचं ठरलं होतं, यादीत ताईंचं नाव होतं, आणि मेमो अंगावर असला तर नाव गळणार होतं. शनिवारी एमडी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांना उत्तर द्यायचं होतं.

"गडाची आण घेऊन सांगते दादा, मी काय बी करत न्हाई. पण माझ्या तोंडाला कोण इचारतंय? तुमी मशीनमधी असं काय तरी बसवा जे लिहून ठेवील. कितीला थांबलं, कावून थांबलं, कुणामुळं थांबलं. मला साक्षीदार पाहिजे."

असा साक्षीदार मिळतो. सर्व्हरच्या पोटात एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा. तो क्षणाक्षणाला टिपून ठेवतो, की सर्व्हरवर ताण किती आहे, जागा किती उरली, कुठलं काम किती वेळ चाललं, कुणाच्या कामापायी कुणाचं अडलं. मग त्याच्या रेघा काढून दाखवतो, आणि आपण आखून दिलेली हद्द ओलांडली की मोबाईलवर मेसेज पाठवतो. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर राखण्या बसवतात, तसलाच प्रकार. फरक एवढाच, की राखण्या पाखरं हाकलतो आणि हे नुसतं ओरडतं.

हे बसवा म्हणून मी दोन वर्षं एमडी साहेबांच्या मागं लागलो होतो. ते म्हणायचे, "काटा बंद पडला की ड्रायव्हर ओरडतात ना? मग आणखी ओरडणारा कशाला?" या वेळी मात्र ताईंच्या निमित्तानं त्यांनी हो म्हटलं. मी ताईंना सांगितलं, "बिनघोर राहा. आठ दिवसांत दूध का दूध होतंय."

सोमवारी गेलो. ज्या खोलीत सर्व्हर आहे तिला सर्व्हर रूम म्हणतात, पण तिथं सर्व्हरपेक्षा बारदाना जास्त आहे. साखरेच्या रिकाम्या पोत्यांची थप्पी छताला टेकलेली, आणि तिच्या सावलीत बिचारा सर्व्हर घुं घुं करत बसलेला. खोलीची किल्ली स्टोअरकीपरकडं, आणि स्टोअरकीपर भाचीच्या साखरपुड्याला. किल्ली आली तेव्हा दीड वाजला होता. मग पासवर्ड. सर्व्हर सांभाळणाऱ्या आधीच्या बाबूंनी निवृत्त होताना तो खोलीच्या भिंतीवर मार्करनं लिहून ठेवला होता, आणि मधल्या काळात भिंतीला रंग दिला गेला होता. त्यांना फोन लावला तर ते म्हणाले, "पहिली चार अक्षरं माझ्या नातीच्या नावाची, पुढचं आठवत न्हाई बघा. तुमीच बदलून दिलता की." तो मीच बदलून दिला होता हे माझ्या लक्षात नव्हतं. माझ्या जुन्या वहीत तो सापडला. वही दुकानात होती. दुकानाच्या वरच्या क्लासमधल्या मास्तरांनी ती शोधून पासवर्ड फोनवर वाचून दाखवला, आणि बहुतेक सगळ्या वर्गानं तो ऐकला.

मग बसवणं सुरू झालं. कारखान्याची सिस्टीम जुनी, सॉफ्टवेअर नवं. ते म्हणालं, आधी अमुक बसव. अमुक म्हणालं, आधी तमुक बसव. तमुक बसवायला इंटरनेट पाहिजे, आणि इंटरनेटची वायर उंदरानं चाखलेली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! सत्त्याण्णव टक्के झाल्यावर ते असं थांबायचं, जणू पुढचे तीन टक्के द्यायला त्याला वरून परवानगी घ्यायची आहे. चौथ्या खेपेला ते बसलं. तोवर माझ्या कपाळावर पोत्यांच्या सुतळीचे तुकडे चिकटले होते, आणि माझा मूड असा झाला होता की कुणी नुसतं "झालं का?" विचारलं तरी अंगावर जावं.

अशा अवस्थेत माणसानं महत्त्वाचं काम करू नये. मी केलं. इशाऱ्याचे मेसेज इंग्रजीत येत होते, ते मी मराठीत लिहिले. याची गरज नव्हती, पण हौस होती. 'सर्व्हरवर ताण वाढला आहे.' 'काट्याचे काम मंदावले आहे.' आणि शेवटचा, ज्याच्यावर मी फारच खूश होतो: 'सर्व्हर बंद पडण्याच्या बेतात आहे.' बंद पडला असं म्हणण्यापेक्षा बेतात आहे म्हटल्यानं धावायला वेळ मिळतो, असा माझा विचार. तो विचार पुढं आठशे लोकांनी केला.

आता ग्रुप. मेसेज माझ्या नंबरावरून कुठल्या ग्रुपवर जायचे, ते सॉफ्टवेअरला दाखवायचं होतं. मी, ताई, एमडी साहेब आणि कारखान्याचा इलेक्ट्रिशियन, असा चौघांचा एक ग्रुप मी सकाळीच तयार केला होता. त्याला फोटो लावला कारखान्याच्या चिमणीचा. शेतकी ऑफिसनं पाळीसाठी केलेल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपमध्येही मी होतो, कारण अ‍ॅप चालू झालं तेव्हा अडचणी सोडवायला मला त्यात घेतलं होतं. त्याचाही फोटो चिमणीचाच. साखर कारखान्याच्या ग्रुपला माणूस दुसरा कसला फोटो लावणार? खाली नावं वेगळी होती म्हणा. पण नावं वाचायला चष्मा लागतो, आणि माझा चष्मा दुकानाच्या गल्ल्यात होता. गिऱ्हाइकासमोर चाळिशी लावली की आपण म्हातारे दिसतो आणि म्हाताऱ्या माणसाला कॉम्प्युटरचं काय कळतं असं लोकांना वाटतं, म्हणून मी तो बाहेर नेत नाही. चिमणी बघितली, चिमणीवर बोट ठेवलं, आणि संध्याकाळच्या बसनं घरी आलो.

मंगळवारी सकाळी साडेआठला मी दुकानात पोह्यांची प्लेट घेऊन लॅपटॉपसमोर बसलो होतो. पहिली रेघ वर गेली. सॉफ्टवेअरनं मेसेज पाठवल्याची नोंद केली: 'सर्व्हरवर ताण वाढला आहे.' मी हद्दच इतकी खाली आखली होती की कुणी शिंकलं तरी ओलांडली जावी. एका मिनिटात रेघ सरळ उभी राहिली. दुसरा मेसेज. तिसरा. सर्व्हर खरंच बंद पडला. दहा मिनिटांनी उठला, पुन्हा रेघ चढली, पुन्हा तिन्ही मेसेज, पुन्हा बंद. मी पोहे खात बघत होतो आणि मनात म्हणत होतो, वा! पहिल्याच दिवशी पकडलं!

साडेनऊला ताईंचा फोन आला. मागं हॉर्नचा असा गलका की जणू वरातीतून बोलतायत.

"दादा, काय बसवलंय तुमी?"

"राखण बसवली ताई. बघा कसं पकडतंय!"

"राखण न्हाई दादा, वळू सोडलाय. सकाळधरनं चारदा बंद पडलं. रोज एकदा पडायचं!"

मी त्यांना समजावलं, की आजार होताच, आता तो दिसायला लागला एवढंच. हे मी पूर्ण आत्मविश्वासानं सांगितलं. फोन ठेवतोय तोच माझ्या मामांचा आला. मामांचा थोडा ऊस याच कारखान्याला जातो.

"का रं भाच्या, बंद पडायच्या बेतात हाय म्हणतेत, खरं का?"

"तुम्हाला कोण म्हणालं?"

"कोण म्हंजे? तूच म्हणायलास की! तुझ्याच नंबरावरनं आलंय ग्रुपवर. मी लगीच उघडून बघितलं. बंद पडलं तर नंबर कसा कळायचा? पाचदा उघडलं. मग सुनंच्या फोनवरनं बघितलं. पारावर समदे तेच करायलेत. तू आणखी एकदा टाक बरं, आता कसं हाय ते."

तो शेतकऱ्यांचा ग्रुप मी वर्षभरापूर्वी गप्प करून ठेवला होता, सुप्रभातच्या फुलांना कंटाळून. गल्ल्यातून चष्मा काढला, लावला आणि ग्रुप उघडला. तीनशेवर मेसेज. 'ताण कोणामुळे आला ते जाहीर करा.' 'बंद पडायच्या आधी सर्वांनी आपापला नंबर बघून घ्यावा.' 'इतर ग्रुपवर पाठवा.' एकानं तर सर्व्हरला हार आणि समईच्या चित्रासकट भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली होती.

माझ्या सॉफ्टवेअरनं सांगायचं की ताण आला. ते वाचून आठशे लोकांनी एकदम अ‍ॅप उघडायचं. त्यानं खरंच ताण यायचा. मग सॉफ्टवेअरनं सांगायचं की ताण आला. त्यात सॉफ्टवेअरची काही चूक नव्हती. ते दर वेळी खरंच बोलत होतं.

सॉफ्टवेअरपासून तो ग्रुप तोडला. तोवर काटा नऊ वेळा बंद पडला होता. एवढ्यावर थांबलो असतो तर नऊच राहिले असते. पण मला लाज वाटली, आणि लाजेच्या भरात मी पाठवलेले सगळे मेसेज सगळ्यांसाठी पुसून टाकले. ग्रुपवर एकाखाली एक ओळी उमटल्या, की हा मेसेज डिलीट केला आहे, हा मेसेज डिलीट केला आहे. आठशे लोकांच्या मनात एकच शंका आली: काय लपवायलेत? आणि सगळ्यांनी अ‍ॅप उघडलं. दहावा.

दुपारी मोटारसायकलवर कारखान्यात गेलो. गाड्यांची रांग गेटबाहेर फाट्यापर्यंत आलेली. बैल जू टाकून उभे, ऊस उन्हात वाळतोय, आणि वाळला तेवढा वजनात घटणार हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. एका ट्रॅक्टरवाल्यानं मला ओळखलं.

"हेच ते का बे, मेसेजवाले?"

दुसरा म्हणाला, "हेच. आधी काटा न सांगता बंद पडायचा. आता सांगून बंद पडतो. सुधारणा हाय की."

काट्याच्या केबिनमध्ये शेतकी साहेब स्वतः आले होते. हातात रजिस्टर. एकेक वेळ लिहीत होते आणि प्रत्येक नोंदीपुढं 'दिवसपाळी' असं टाकत होते. ताई खुर्चीत ताठ बसलेल्या, नजर खाली.

"दहा!" साहेब मला म्हणाले. "एका दिवसात दहा! तुम्हीच सांगा, आता मेमो चुकीचा होता का?"

तिथं, त्या क्षणी, मी म्हणायला पाहिजे होतं की हे दहाही माझे आहेत. चार शब्दांचं काम. पण बाहेर ट्रॅक्टरवाले उभे होते, आत साहेब, आणि मी म्हणालो, "थोडं टेक्निकल आहे साहेब. बघतो." ताईंनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्यांच्या मोबाईलवर सगळी हकीकत आधीच आलेली होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

बुधवारी मी मान खाली घालून काम केलं. हद्द नीट आखली, मेसेज चौघांनाच जातील हे चष्मा लावून तीनदा तपासलं. गुरुवारी दुपारी आदल्या दिवसाच्या रेघा काढल्या. एकच मोठा उंचवटा. भिंतीसारखा. वेळ बघितली: पहाटे साडेपाच.

मी अक्षरशः पळत काट्यावर गेलो. "ताई, सुटलात! खरा बिघाड पहाटे साडेपाचला होतो, अकराला तुमच्याकडं नुसता त्याचा परिणाम दिसतो. तुमची पाळी तर आठला सुरू होते!"

ताईंचा चेहरा तीन दिवसांत पहिल्यांदा उजळला. त्यांनी कँटीनमध्ये सांगितलं. कँटीननं रातपाळीच्या ऑपरेटरला सांगितलं. अर्ध्या तासात तो, अंगात बनियन आणि डोळ्यांत झोप अशा अवस्थेत, क्वार्टरमधून केबिनवर आला. "माझ्या पाळीत एक मिनिट बंद न्हाई पडलं! कुणी लिवलं ते समोर या!"

मी समोरच होतो. लॅपटॉप फिरवून त्याला भिंत दाखवत होतो. ताई मध्येच माझ्या खांद्यावरून वाकून स्क्रीनच्या कोपऱ्यात बघायला लागल्या.

"दादा, आत्ता किती वाजलेत?"

"साडेतीन."

"मग तुमच्या मशीनमधी दहा कावून वाजलेत?"

बघितलं. दहा. सॉफ्टवेअर बसवताना आपण आपली वेळ सांगितली नाही तर ते लंडनच्या आसपासची वेळ धरून चालतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. मी सांगितली नव्हती. बीड जिल्ह्यातला ऊस मी तीन दिवस लंडनच्या घड्याळात मोजत होतो. पहाटेचे साडेपाच म्हणजे आपल्याकडचे अकरा. बरोबर ताईंच्या पाळीत.

रातपाळीवाला म्हणाला, "झोप मोडली बे फुकटची," आणि गेला. ताई खुर्चीत बसल्या आणि पुढच्या गाडीचा नंबर टाकायला लागल्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारी साडेदहापासून मी बारदान्याच्या थप्पीवर बसून राहिलो. आता सॉफ्टवेअरला सांगितलं होतं, की नुसता ताण नको दाखवू, आत कुठलं काम चाललंय ते नावानिशी दाखव. अकराला सगळं शांत. अकरा दोनला एक काम सुरू झालं. 'एकूण अहवाल.' शेतकी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून. हंगामाच्या पहिल्या दिवसापासूनची एकूण एक पावती ते नव्यानं वाचत होतं, आणि वाचून होईपर्यंत नवी पावती लिहू देत नव्हतं. म्हणजे काट्याचं तोंड बंद. अकरा चारला तेच काम दुसऱ्यांदा सुरू. अकरा पाचला तिसऱ्यांदा. मग चौथं, मग पाचवं.

उलगडा झाला. सव्वाअकराला चेअरमन साहेबांचा रोज फोन येतो, एकूण गाळप किती झालं म्हणून. त्याआधी शेतकी साहेबांना आकडा हातात लागतो. ते बटण दाबतात, अहवाल येत नाही, म्हणून पुन्हा दाबतात. हंगामाच्या सुरुवातीला पावत्या थोड्या होत्या, चुटकीसरशी यायचा. आता ढीग झाला होता. म्हणजे ताईंना ज्यांनी मेमो दिला तेच रोज काटा बंद पाडत होते!

मला उड्या माराव्या वाटल्या. पोत्यावर बसल्या बसल्या मारल्याही थोड्या. मग वाटलं, असलं गाढवासारखं काम लिहिलं तरी कुणी ते बघावं. उघडलं. प्रोग्रॅम लिहिणारे स्वतःसाठी मध्ये मध्ये एखादी चिठ्ठी लिहून ठेवतात, मशीन ती वाचत नाही. पहिल्याच ओळीत तशी चिठ्ठी होती.

'तात्पुरतं. दिवाळीनंतर नीट करणे.'

मी खाली बसलो. बसलेलोच होतो, आणखी खाली बसलो. दिवाळीच्या दिवसांत शेतकी साहेबांनी घरी बोलावून सांगितलं होतं, की एक बटण द्या, दाबलं की एकूण आकडा आला पाहिजे. त्यांच्या ओट्यावर, चिवड्याची वाटी बाजूला ठेवून, अर्ध्या तासात मी ते लिहिलं होतं. मग दिवाळी झाली. संक्रांतही झाली.

दुरुस्ती वीस मिनिटांची होती, ती केली. आणि मग डोक्यात नको ते आलं. ती चिठ्ठी पुसायची. शनिवारी नुसती रेघ दाखवायची: साहेब बटण दाबतात, काटा थांबतो. मंगळवारचा अख्खा दिवस पुसायचीही सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, दोनच क्लिक. मी बोट नेलंही. मग लक्षात आलं, की साहेबांच्या रजिस्टरमध्ये ते दहा तसेच राहणार, ताईंच्या पाळीच्या नावावर. आणि ते त्यांचे नव्हते हे सांगणारा या जगात एकच कागद आहे, जो मी पुसायला निघालोय. हा प्रामाणिकपणा नव्हे, अडचण होती. पण बोट मागं आलं.

शनिवारी एमडी साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. ताई उभ्या, शेतकी साहेब रजिस्टर घेऊन बसलेले, मी लॅपटॉप घेऊन अर्धवट टेकलेलो.

"मराठीत सांगा," एमडी साहेब म्हणाले. "आणि थोडक्यात."

मी शेतकी साहेबांच्या बटणाचं सांगितलं.

"म्हंजे काटा मी बंद पाडतो?" साहेब खुर्चीतून उठले.

"तुम्ही बटण दाबता."

"मग न दाबू? चेअरमन साहेबांना काय सांगू?"

"पाच पाच वेळा दाबता."

"येत न्हाई तर माणूस दाबणारच की! मोटर उचलली न्हाई तर तुमी एकदाच दाबून घरी जाता का? अन् असलं बटन बनवलं कुणी?"

एमडी साहेब माझ्याकडं बघत होते.

"मी," मी म्हणालो.

शेतकी साहेब बसले. त्यांना एकदम बरं वाटल्याचं दिसलं.

"आणि मंगळवारचे दहा?" एमडी साहेबांनी रजिस्टर पुढं ओढलं.

"माझेच."

"दहाच्या दहा?"

"नऊ मेसेज पाठवल्यामुळं साहेब, आणि दहावा पुसल्यामुळं." मग सगळं सांगावंच लागलं. चिमणीचे फोटो, चष्मा, लंडन. एमडी साहेब तोंडावर रुमाल धरून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "चष्मा आज आणलाय का?" मी खिशातून काढून दाखवला. "लावा," ते म्हणाले. मी लावला. त्यांनी ताईंच्या मेमोवर लाल शाईनं आडवी रेघ ओढली, खाली 'मागे घेतला' लिहिलं, सही केली आणि कागद मला वाचायला दिला. "मोठ्यानं."

मी मोठ्यानं वाचला.

"यांना देता येईल का हो मेमो?" त्यांनी शेतकी साहेबांना विचारलं.

"बाहेरच्या माणसाला न्हाई देता येत साहेब," शेतकी साहेब मनापासून हळहळले.

ताई तोवर निघूनही गेल्या होत्या. काट्यावर गाड्या थांबल्या होत्या.

मीही मागोमाग गेलो. अकरा वाजून गेलेले, अहवाल चुटकीसरशी आलेला, काटा चालू. यादीतलं नाव आता यादीतच राहणार होतं. काट्याच्या लोखंडी फळीवरून केबिनच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. एवढ्या सगळ्या मानहानीनंतर एखादा बरा शब्द कानावर पडावा, एवढीच अपेक्षा होती. शेजारी उसानं भरलेली ट्रॉली चढून उभी होती, आणि ताई स्क्रीनकडं बघत होत्या.

"सुटलात ना ताई?" मी म्हणालो. "साक्षीदार कामी आला की नाही?"

ताईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"दादा, साक्षीदार म्हणून आणलं तुमाला, अन् समदा गुन्हा तुमचाच निघाला. आता काट्यावरनं खाली उतरा. गाडीत तुमचं बी वजन धरायलंय."